थोरलीचा धूमकेतू

धाकटी घरात येईपर्यंत थोरली ही थोरली नव्हतीच. ती नुसती सूनबाई होती. सासरे "सूनबाई" अशी हाक मारायचे आणि त्या हाकेला ओ देणारी घरात दुसरी कुणी नव्हती. मागच्या वर्षी धाकट्या दिराचं लग्न झालं आणि सूनबाईची एका दिवसात थोरली सूनबाई झाली. बढती म्हणावी तर पगार वाढला नाही, उलट अर्धं खातं दुसरीकडे गेलं. तेव्हापासून तिच्या पोटात जे दुखायला लागलं, ते औषधाने थांबणारं नव्हतं.

जावाजावांचा उभा दावा असतो म्हणतात. तो स्वयंपाकघरावरून असतो, दागिन्यांवरून असतो, कपाटाच्या किल्ल्यांवरून असतो. या दोघींमधला दावा आकाशावरून होता, आणि तोही एकतर्फी. धाकटीला त्याचा पत्ताच नव्हता, निदान थोरलीचा तसा समज होता. थोरलीचा नवरा म्हणायचा, "चांदण्यांवरून रुसणारी बाई मी दुसरी पाहिली नाही." त्याला म्हणायला काय जातंय. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

सासरे घड्याळजी. सगळा जन्म डोळ्याला भिंग लावून त्यांनी लोकांची घड्याळं नीट केली. मोठी मोठी घड्याळं कालबाह्य झाली तशी गिऱ्हाइकं कमी झाली, आणि हातांना काम हवं म्हणून त्यांनी काचेवर काच घासून दुर्बिणीचा आरसा तयार केला. म्हणजे ते तसं सांगायचे. खरं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा एक धूमकेतू यायचा होता आणि तो बघण्यासाठी आरसा हवा होता. बाबांचं काम घड्याळजीचं, त्यात जरा कुठे कमीजास्त चालत नव्हतं. त्यामुळे घासणं संपेना. आरसा मनासारखा झाला तेव्हा धूमकेतू केव्हाच निघून गेला होता. त्या आरशाने पुढे चंद्र पाहिला, ग्रह पाहिले, पण ज्याच्यासाठी तो जन्माला आला ते काही त्याच्यात उतरलं नाही. आणि मग काचबिंदूने बाबांची नजर नेली. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायचा.

थोरली रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून पेशी मोजायच्या. भिंगातून बघायची तिला सवय होती, म्हणून बाबांनी नजर जाण्याआधीच तिला दुर्बीण शिकवली, आणि नजर गेल्यावर ती त्यांचे डोळे झाली. संध्याकाळी गच्चीवर खुर्ची टाकून बाबा बसायचे आणि म्हणायचे, "सांग." थोरली सांगायची. "गुरू. चार चंद्र. तीन एका बाजूला, एक एकटाच. पट्टे दोन, वरचा ठळक." बाबा ऐकत राहायचे, मनात काहीतरी जुळवायचे, आणि जुळलं की म्हणायचे, "दिसला." कळला असं ते कधी म्हणत नसत. दिसला म्हणत. त्या एका शब्दासाठी थोरली लॅबमधून धापा टाकत घरी यायची.

त्या दुर्बिणीची एक खोड होती. आरशाच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, वरचं खाली आणि डावं उजवीकडे. समोरच्या इमारतीकडे वळवली तर दोरीवर वाळणारे शर्ट दोरीवर उभे राहिलेले दिसायचे. नव्या माणसाचा गोंधळ उडायचा. थोरलीचा उडत नसे, कारण मायक्रोस्कोपमध्येही तोच प्रकार. बाबांनी तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "तू दिसतं तसं सांग. सरळ करायचं काम माझं."

असं सगळं छान चाललं होतं, आणि धाकटी आली.

धाकटी बालवाडीत शिकवायची. लग्नाच्या पहिल्या महिन्यातच ती गच्चीवर आली, दुर्बिणीला डोळा लावला आणि म्हणाली, "बाबा, हा चंद्र म्हणजे आमच्या वर्गातला मातीचा गोळा आहे. सगळ्यांनी बोटं खुपसून ठेवलीत." बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. थोरली पाणी आणायला खाली गेली. जिना उतरताना तिच्या मनात एकच विचार होता. इतकी वर्षं मी यांना गुरूचे चंद्र मोजून देतेय, आणि हे एकदाही हसले नाहीत.

मग धाकटी रोज येऊ लागली. आयत्या बिळावर नागोबा, असं थोरली भांडी विसळताना म्हणायची, पण नळ चालू ठेवून.

या वर्षी धूमकेतू येणार अशी बातमी आली आणि गच्चीवर गर्दी होऊ लागली. गर्दी म्हणजे आकाशाचं वेड असलेली पाचसहा माणसं. त्यांचे म्होरके दातांचे डॉक्टर. या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नसे, आणि पेशंटच्या तोंडात हात असल्यामुळे त्याला दिवसभर कुणी अडवतही नसे. धूमकेतू सूर्य मावळल्यावर थोडाच वेळ पश्चिमेला दिसणार होता, तोही क्षितिजाजवळ. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागे तो जायच्या आत गाठायचा. वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला होता. खाली एक उजळ ठिपका आणि वर निमुळती होत गेलेली शेपूट.

बाबांचा गच्चीवरचा एक नियम होता. ज्याला सापडेल त्याने नुसतं "दिसला" म्हणायचं. कुठे आहे, कसा आहे, हे सगळ्यांना सापडेपर्यंत बोलायचं नाही. "एकाने सांगितलं की दुसऱ्याला नसलेलंही दिसायला लागतं," असं त्यांचं म्हणणं. या नियमाचा थोरलीला अभिमान होता. नव्याने येणाऱ्यांना तीच तो ऐकवायची.

पहिल्या संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "दिसला." मग त्यांचा कंपाउंडर म्हणाला. मग दुसरे दोघे. सगळ्यांकडे बायनॉक्युलर होती. धाकटीनेही आपलं आणलं होतं, दिराने मॅच बघायला घेतलेलं. ते तिने डोळ्यांना लावलं, इकडून तिकडे फिरवलं आणि हळूच म्हणाली, "मला वाटतं... हो. दिसला."

थोरली दुर्बिणीला चिकटून होती. बाबांची दुर्बीण दाखवायची खूप, पण आकाशाचा तुकडा दाखवायची एवढासा. तिच्यातून धूमकेतू शोधायचा म्हणजे सुईच्या नेढ्यातून गावातलं घर शोधण्यासारखं. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, आधी बायनॉक्युलरने जागा धरा, मग दुर्बीण तिकडे लावा. सगळे तसंच करतात." धाकटीने लगेच आपलं गळ्यातून काढलं. "घ्या ना ताई."

"नको. मला याची सवय आहे."

तिने ते हातात घेतलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण धाकटीच्या बायनॉक्युलरने धूमकेतू बघायचा, यापेक्षा न बघितलेला बरा असं तिला वाटलं. काल आलेली पोर, ध्रुव कुठला ते आत्ता आत्ता कळायला लागलंय, आणि हिला धूमकेतू हात जोडून समोर उभा. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला होता आणि दुर्बीण हलत होती ती त्यामुळेच.

दुसऱ्या संध्याकाळी तेच झालं. तिसऱ्या संध्याकाळी सगळे तिच्याभोवती उभे होते. सगळ्यांना दिसला होता आणि कुणाला बोलता येत नव्हतं. डॉक्टरांची तर गालफडं फुगली होती. बाबा खुर्चीत पुढे झुकून बसलेले. पश्चिमेचा नारिंगी रंग उतरत चालला होता आणि थोरली दुर्बीण सरकवत होती, थांबत होती, परत सरकवत होती.

"थोरल्या सूनबाई," बाबा म्हणाले, "राहू दे. एवढा ताण घेऊ नकोस. आज नियम सोडून देऊ. धाकटी सांगेल मला."

ते प्रेमाने म्हणाले होते. थोरलीला मात्र कानाखाली बसल्यासारखं झालं. ज्या आरशासाठी या माणसाने बोटं झिजवली, त्या आरशासमोर ती उभी होती, आणि त्यांना धूमकेतू दाखवणार होती मॅच बघायचं बायनॉक्युलर घेतलेली धाकटी.

"दिसला," थोरली म्हणाली.

भिंगात राखाडी अंधार होता, एका कडेला जरा जास्त काळा. बाकी काही नव्हतं.

गच्चीवर सगळ्यांनी सुस्कारा सोडला. बाबा हसले. नियमाप्रमाणे आता पहिलं सांगणं दुर्बिणीवाल्याचं. "सांग," ते म्हणाले.

थोरलीने डोळा भिंगावरून हलवला नाही. डोळ्यांसमोर तिने वर्तमानपत्रातला फोटो आणला. "डोकं खाली आहे. गोल, मळकट पांढरं. मधे उजळ. कडा अस्पष्ट. तिथून शेपूट सरळ वर गेलीय. वर जाता जाता रुंद आणि फिकी."

"वर गेलीय," बाबा म्हणाले.

"हो. सरळ वर."

"दुर्बिणीतूनच बघतेयस ना?"

"मग कशातून बघणार, बाबा?"

"हं," बाबा म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले.

थोरलीचा हात भिंगावरच होता. आता कुणी बघायला मागितलं तर काय, हे तिच्या ध्यानात आलं. मागितलं ते धाकटीनेच. "बघू ताई," म्हणत ती पुढे झाली. थोरली बाजूला सरली. चोराला पळायला वाट असते, गच्चीवर तीही नव्हती. धाकटीने डोळा लावला. बराच वेळ ती तशीच होती. मग मान वर न करता म्हणाली, "आहे की. ताईंनी अगदी मधोमध धरलाय." डॉक्टर बघायला पुढे सरसावले, तर त्यांच्याकडे वळताना तिचा धक्का दुर्बिणीला लागला आणि दुर्बीण भलतीकडेच वळली. "अगं बाई, हलली," धाकटी म्हणाली. "आणि आता तो गेलाच टाकीमागे. उद्या बघा, डॉक्टर."

थोरली वाचली. पण वाचल्याचा आनंद तिला जिन्यापर्यंतसुद्धा पुरला नाही. म्हणजे धूमकेतू तिथे होता? माझ्याच भिंगात, मी लावलेल्या जागी, मधोमध? मला दिसला नाही आणि हिला दिसला? रात्री अंथरुणावर ती छताकडे बघत पडली. खोटं बोलल्याची लाज तिला वाटत होती, नाही असं नाही. पण लाज एका कोपऱ्यात बसून होती आणि सगळी खोली मत्सराने भरली होती.

पुढचे दिवस वाईट गेले. लॅबमध्ये ती प्रत्येक काचपट्टी दोनदा बघू लागली. आपली नजर गेली की काय, अशी धास्ती तिला लागली. मोजणी दोन्ही वेळा तंतोतंत जुळायची. म्हणजे डोळे शाबूत होते. मग काय, धाकटीचे जास्त चांगले?

संध्याकाळी गच्चीवर नियमाची अडचण उरली नव्हती, त्यामुळे सगळ्यांचीच तोंडं सुटली होती. डॉक्टर दुर्बिणीकडे वळले की धाकटी त्यांना काहीतरी विचारायची, आणि ते बोलत बसेपर्यंत धूमकेतू टाकीमागे गेलेला असायचा. धाकटी बाबांना सांगायची, "फळा ओल्या फडक्याने पुसला आणि वाळताना एक पट्टा राहिला ना, तसा आहे बघा." बाबा ऐकायचे, हसायचे. आणि मग न चुकता मान वळवून विचारायचे, "थोरल्या सूनबाई, आज कसा आहे?"

"तसाच," थोरली म्हणायची.

"शेपूट?"

"वरच आहे."

"हं," बाबा म्हणायचे.

त्यांनी "दिसला" म्हटलं नाही. तिने सांगितल्यावर नाही आणि, हे मात्र थोरलीच्या लक्षात यायला वेळ लागला, धाकटीने सांगितल्यावरही नाही. फळ्यावर हसले, पण म्हणाले नाहीत.

आठवडा सरता सरता डॉक्टरांनी जाहीर केलं की धूमकेतू रोज फिका होत चाललाय, त्यात चंद्र मोठा होतोय, उद्यापरवापासून कुणाला काही दिसणार नाही. त्यांनी आपलं बायनॉक्युलर पेटीत घातलं. त्या संध्याकाळी गच्चीवर घरातलेच तिघे उरले. बाबा खुर्चीत. धाकटी कठड्याला टेकून, मुलांच्या चित्रांच्या कागदांचा गठ्ठा मांडीवर घेतलेली. आणि थोरली दुर्बिणीपाशी, भिंगाला डोळा लावायची हिंमत होत नसलेली.

आज शेवटचा दिवस होता. आज नाही सापडला तर बाबांच्या आरशाच्या नशिबी पुन्हा रिकामं आकाश, आणि या वेळी कारण ती. बाबांना पुढचा कुठला मिळणार होता? थोरलीने कठड्याकडे पाहिलं. नाक मुठीत धरून माणूस काय काय करतो, तसं ती धाकटीजवळ गेली.

"तुझं ते दे जरा."

धाकटीने गळ्यातलं बायनॉक्युलर काढून दिलं. कुणीकडे बघायचं ते मात्र सांगितलं नाही.

थोरलीने ते डोळ्यांना लावलं. आकाशाचा एवढा मोठा तुकडा एकदम समोर आला की ती दचकली. टाकीच्या बऱ्याच वर, डावीकडे, एका ताऱ्याच्या शेजारी एक पुसट डाग होता. डागातून वरच्या बाजूला काहीतरी फिकं गेलं होतं. इतकं सोपं होतं. एवढ्याशा कामासाठी ती आठवडाभर जळत बसली होती.

तिने दुर्बीण त्या ताऱ्यावर नेली आणि तिथून हळूहळू बाजूला सरकवली. भिंगाच्या कडेने धूमकेतू आत आला. मोठा, मंद, खराखुरा. आणि त्याची शेपूट खाली होती.

थोरली बघतच राहिली. डोकं वर, शेपूट खाली. अर्थातच खाली. या दुर्बिणीत शर्ट दोरीवर उभे राहतात. जे तिला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं, ते खोटं बोलताना तिला आठवलं नव्हतं, कारण खोटं बोलताना ती दुर्बिणीतून बघतच नव्हती, वर्तमानपत्रातून बघत होती. आणि मग तिला उमगलं. हे बाबांना पहिल्याच वाक्याला कळलं होतं. "वर गेलीय," म्हणाले होते. "दुर्बिणीतूनच ना?" विचारलं होतं. रोज विचारत होते, शेपूट कुठे आहे म्हणून, आणि ती रोज त्यांना तोंडावर सांगत होती, वर.

आताही वर म्हणता आलं असतं. इतके दिवस टिकलेलं खोटं आणखी एक दिवस टिकलं असतं, आणि उद्या धूमकेतूच नसता.

"बाबा," ती म्हणाली. "शेपूट खाली आहे."

बाबांनी मान वळवली.

"डोकं वर. शेपूट खाली, किंचित उजवीकडे कललेली. मी... त्या दिवशी मला दिसला नव्हता. मी फोटो सांगितला."

बाबांचे हात मांडीवर होते आणि बोटं हलत होती, काच काचेवर फिरवावी तशी. त्यांनी मनातल्या मनात तो उलटा धूमकेतू सरळ केला.

"दिसला," ते म्हणाले.

थोरलीने डोळे पुसले, कारण भिंगाला ओल लागून चालत नाही. मग तिला आठवलं आणि ती कठड्याकडे वळली. "तू तर म्हणाली होतीस आहे म्हणून. मधोमध."

धाकटी चित्रांचे कागद नीट करू लागली. "टाकी होती, ताई."

"काय होतं?"

"तुम्ही दुर्बीण टाकीवर लावली होती. टाकीची कड दिसत होती आणि बाकी काही नाही. मग मी म्हटलं, आता डॉक्टर बघतील आणि दवाखान्यात दिवसभर सगळ्यांना सांगत बसतील. म्हणून मग धक्का मारला."

बाबा हसायला लागले. टाकीवर, टाकीवर, असं म्हणत ते ठसका लागेपर्यंत हसले. थोरली तिथेच उभी राहिली. ज्या धाकटीवर ती आठवडाभर जळत होती, ती आठवडाभर तिची अब्रू झाकून बसली होती, आणि त्याबद्दल एक शब्दही बोलली नव्हती. हे कळल्यावर मन निवळायला हवं. थोरलीचं निवळलं नाही. खोटं बोलण्यातसुद्धा ही माझ्यापेक्षा सरस निघाली, हेच तिच्या मनात पहिलं आलं. मी बोलले ते पकडलं गेलं, आणि हिने तोंडावरची रेषही हलू दिली नाही. मी बोलले माझ्यासाठी, आणि ही माझ्यासाठी. हा मत्सर आधीच्यापेक्षा मोठा होता, आणि याच्याबद्दल तर धाकटीला दोषही देता येत नव्हता.

"तू बघ," तिने बायनॉक्युलर परत देत म्हटलं. "दुर्बिणीतून बघ. आज खरंच आहे."

धाकटी आली, वाकली, बराच वेळ बघत राहिली. ती आता बाबांना काहीतरी सांगणार, फळा किंवा माती किंवा असंच काही, आणि बाबा हसणार, याची थोरली वाट बघत होती. त्याची तयारीही तिने केली होती.

"सूनबाई," बाबा अंधाराकडे तोंड करून म्हणाले, "तो जायच्या आत नीट सांग. शेजारी तारा कुठला आहे? शेपूट कुठवर जाते?"

थोरल्या म्हणाले नाहीत. नुसतं सूनबाई म्हणाले. धाकटीही सूनच होती, आणि डोळा तिचा भिंगाला होता. ती थोरलीला जागा करून देत बाजूला झाली.

थोरली दुर्बिणीपाशी गेली आणि दिसत होतं तसं, उलटंच, सांगू लागली.